गोल कुणाचे, फुल्या कुणाच्या

मुलं उरली नाहीत म्हणून आमच्या गावची शाळा बंद झाली, पण रविवारी तिचं सभागृह खच्चून भरायचं. डोंगरातल्या या गावात एवढी माणसं शिल्लक आहेत हे मलाही तेव्हाच कळलं. बहुतेक सगळी म्हातारी, हातात झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि समोर रेशमी किमोनोतले गेन्साइबुवा.

"पाण्याला कान असतात," बुवा सांगायचे. "त्याच्याशी गोड बोला, ते तुमच्या रक्ताशी गोड बोलेल. मग गोळ्या हव्यात कशाला?"

मागे पडद्यावर, दर रविवारी सभेत मोजलेल्या रक्तदाबाचा आलेख असे. गोल खाली उतरलेले, फुल्या वर चढलेल्या. कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलेलं: गोल म्हणजे पाणी पिणारे, फुल्या म्हणजे न पिणारे. आमच्याकडे हे वाचावंही लागत नाही. आमच्या देशात शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात, चुकलेल्याला फुली. याच इमारतीत विज्ञान शिकवताना मी जन्मभर तेच केलं.

माझ्या शेजारच्या इत्सुएआजींनी गोळ्या बंद केल्या होत्या. "पिऊन तर बघा, कुरामोची गुरुजी. मी गोलांत आहे," त्या म्हणायच्या. म्हणताना चक्कर येऊ नये म्हणून भिंत धरून उभ्या असायच्या. मला त्यांची काळजी वाटायची.

एका दुपारी बुवांचा भाचा तेत्सुरो लॅपटॉप घेऊन आला. तो माझाच जुना विद्यार्थी. आलेख पुस्तिकेत छापायचा होता.

"गुरुजी, सॉफ्टवेअर बिघडलंय. पाणी पिणाऱ्यांना फुली देतंय. सभेत त्याची चौकट झाकून मी माझी लिहिली. आता आकारच नीट करून द्या ना."

मी आकडे उघडले. "अरे, हे क्रमाने आकार देतं. पहिल्या रकान्याला गोल, दुसऱ्याला फुली. पहिल्यात कुणाला घातलंस?"

"न पिणाऱ्यांना. ते मोजकेच होते ना."

"मग गोल कोण?"

"पण पाणी पिणारे फुली कसे असतील?" तो पुटपुटला. बिघडलेलं काहीच नव्हतं, त्याने फक्त आधी ठरवून मग चौकट लिहिली होती.

त्या रविवारी मी तेत्सुरोच्या लॅपटॉपवर, सगळ्यांसमोर दोन्ही आकार बदलले. पिणाऱ्यांना चौकोन, न पिणाऱ्यांना पतंग. या आकारांना ना शाबासकी चिकटलेली, ना नापासाचा शिक्का. चौकोन वर चढलेले दिसले.

"पाण्याने काहीच केलं नाही," मी म्हटलं. "पिणाऱ्यांनी गोळ्या सोडल्या, त्यांचा दाब चढला. न पिणाऱ्यांनी घेतल्या, त्यांचा उतरला."

"यंत्राला श्रद्धा नसते," बुवा हसून म्हणाले.

"म्हणूनच आपण ते वापरतो."

इत्सुएआजी भिंतीच्या आधाराने पुढे आल्या आणि सगळ्यांत वरच्या चौकोनावर बोट ठेवलं. "मागच्या रविवारी माझा आकडा एवढाच आला होता. ही मीच ना?"

"हो, आजी."

पुढच्या रविवारी तिथे कुलूप होतं आणि बुवा गावातून गेले होते.

"गोळी घेते हो," आजी नंतर म्हणाल्या. "पण तिथे मला कुणीतरी नावाने हाक मारायचं. गोळी थोडीच हाक मारते?"

बायको गेल्यापासून माझ्याही घरात मला हाक मारणारं कुणी नाही. खरं सांगतो, त्या सभागृहात मीही नुसती शंका घेऊन जात नव्हतो.

म्हणून एवढंच सांगणं आहे. आलेख कितीही देखणा असला तरी कुठली खूण कुणाला दिली आणि ती कुणी दिली, हे विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर बुवा पोचायच्या आधी आपण पोचा.

मी आता रोज सकाळी कुंपणावरून हाक मारतो. "इत्सुएआजी, गोळी घेतली का?"

"घेतली, गुरुजी," आतून आवाज येतो. "तुम्ही काही खाल्लंत का?"