मानेमागचा हुक

गोडदेवच्या त्या दवाखान्यात चुंबकाचं मशिन आलं, तेव्हा पहिला पेशंट मी. जाळं फेकून फेकून माझा खांदा धरला होता. रसिका डॉक्टरीणबाई खांद्याभोवती एक जाड कडं अडकवायच्या आणि खटका दाबला की डबा गुणगुणायला लागायचा. पहिल्याच दिवशी त्या कड्यानं माझ्या कमरेची किल्ली, कंपाउंडरचं घड्याळ आणि मुर्ध्याच्या खाडीतल्या दोन होड्या नांगरासकट ओढून आणल्या. जिन्यात अडकल्या म्हणून मी वाचलो. खोटं वाटत असेल तर जिना अजून तिथंच आहे, बघून या.

हे मी बाकावर बसून रोज सांगायचो आणि शेजारी बसलेली मनोरमा हसायची. निदान ओठ हलवायची.

मनोरमा आमच्या मुर्ध्याची. तिचा नवरा उत्तम, उत्तन बंदरातल्या एका बोटीवर खलाशी. वादळात बोट गेली ती गेलीच. मग एकटीनं ओलं जाळं ओढताना हिच्या उजव्या खांद्याची शीर फाटली, हात छातीच्या वर जाईना. वर्षानं घरच्यांनी ठरवलं, दर्भाचा पुतळा करून उत्तमची क्रिया उरकू. बायका मंगळसूत्र उतरवायला आल्या तर ही म्हणाली, "त्यांनी बांधलंय. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा न्हाय. माझा हात मानेमागं जाऊ दे, मीच काढीन."

शब्द दिला, क्रिया अडली आणि ती त्या दुखऱ्या खांद्याच्या आडोशाला बसून राहिली.

तिला दवाखान्यात ओढून आणायची ती नणंद, सुगंधा. "आबा, माझा भाव पाण्यात ताटकळत हाय," ती मला म्हणायची. "हिचा हात गेला मागं, की तो सुटला."

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या म्हणायच्या, "अर्धं काम मशिनचं, अर्धं व्यायामाचं." मनोरमा घरी व्यायाम म्हणून करायची नाही. तरी मेला हात सुधारतच गेला.

एका सकाळी बाई म्हणाल्या, "अंबाडा घालतो तसे दोन्ही हात मागे न्या बघू."

सवयीनं गेले. बोटं नेमकी मंगळसूत्राच्या हुकाला लागली आणि तिथंच थांबली.

"झालं की," बाई खूश झाल्या. "उद्यापासून यायला नको."

मला वाटलं, आता सुगंधा म्हणणार, काढ. तिचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "बाई, अजून थोडे दिवस लावा ना मशिन. दुखतंय तिला."

"दुखतंय?" बाईंनी मनोरमाला विचारलं.

"न्हाय."

तिला खोटं बोलता येत नव्हतं. ते काम माझं. मी म्हणालो, "बाई, फसू नका. राई गावच्या बबनचा हात असाच मागं गेला आणि दुसऱ्या दिवशी गळून खाडीत पडला. अजून एकटाच पोहतोय."

कुणी हसलं नाही.

"वयनी, राहू दे," सुगंधानं तिचं कोपर धरलं. "मी घरी सांगते, हात न्हाय गेला म्हणून."

"सोड गो," मनोरमा म्हणाली. "बोलले होते मी."

हुक घट्ट बसला होता, निघता निघेना. मी बबनची गोष्ट तशीच पुढं रेटली. त्या हातानं मासे धरले, होडी वल्हवली, तोंडाला येईल ते बोलत गेलो. थांबलो असतो, तर हुक निघाल्याचं ऐकू आलं असतं.