कोऱ्या बाटलीतलं जस्त

पर्यावरण खात्याच्या त्या कचेरीत तंत्रज्ञाला सगळे चिमटा म्हणत. बाटली असो, झाकण असो की चहाचा कप, कुठलीही वस्तू तो दोन बोटांच्या टोकांनी कडेला धरूनच उचलायचा. अठरा वर्षं कारखान्यांचं सांडपाणी बाटल्यांत भरल्यावर माणूस असा होतो, असं तो सांगे. बायकोचं म्हणणं, लग्नाच्या दिवशीही तो असाच होता. नाव इतकं रुळलं की मुख्य कचेरीतून एकदा ‘श्री. चिमटे यांस’ असा लिफाफा आला, आणि त्याने तो निमूटपणे फोडला.

नव्याने लागलेल्यांना शिकवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याचा आवडता धडा कोऱ्या बाटलीचा. नमुना घ्यायला जाताना एक बाटली शुद्ध पाण्याची न्यायची. तिथे पोचल्यावर ते पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायचं, बूच लावायचं, आणि कारखान्याच्या नमुन्याबरोबर प्रयोगशाळेत द्यायचं. तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलं तर ते कारखान्याचं नाही, नमुना घेणाऱ्याचं. “ही बाटली म्हणजे आपल्यावर बसवलेला पहारेकरी,” तो म्हणायचा, आणि मग सहज आठवल्यासारखं सांगायचा, “आमच्या पहारेकऱ्याला अठरा वर्षांत काही काम पडलेलं नाही.” हे वाक्य तो आरशासमोर म्हणून बघत असे, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

त्या सोमवारी सकाळी दहा चाळीसला तो जस्ताच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला उभा होता. लोखंडी खांबांना जस्ताचा मुलामा द्यायचा, गंज धरू नये म्हणून, एवढंच त्या कारखान्याचं काम. बेचाळीस कामगार, एक फोरमन आणि सांडपाण्याचा एक पाइप. सांडपाण्यात जस्त किती, ते वर्षातून दोनदा बघायचं. लिटरमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्याच्या वर नाही.

नमुन्याच्या बाटल्यांत तळाला थोडं आम्ल घातलेलं असतं, म्हणून त्यांची झाकणं घट्ट असतात. हातमोजा घसरत होता. त्याने तो काढला. झाकणं उघडली, एक बाटली पाइपाच्या पाण्याने आणि दुसरी, कोरी, शुद्ध पाण्याने भरली, अंगठ्याने आतली कड पुसून झाकणं बंद केली.

पाइपाशी उभा असलेला फोरमन म्हणाला, “साहेब, मोजा काढलात.”

“हात कुणाचे आहेत ते बघा,” चिमटा म्हणाला. “अठरा वर्षं हेच करतायत.”

फोरमनने हात बघितले. सारखे धुऊन आणि आम्लाने बोटांची पेरं फुटलेली होती.

मंगळवारी कारखान्याचा आकडा आला : आठ पूर्णांक दोन. नेमका त्यानंतर प्रयोगशाळेतल्या जस्त मोजायच्या यंत्राच्या आतला दिवा गेला आणि कोरी बाटली तपासायची राहिली. कोऱ्या बाटलीचा आकडा आल्याशिवाय अहवाल द्यायचा नाही, हा नियम. तो भिंतीवर चिकटवलेला होता, आणि चिकटवला होता चिमट्यानेच. पण मोठे साहेब टेबलाशी उभे राहून विचारत होते, आणि कोरी बाटली तर काय, कोरीच असते. त्याने अहवाल दिला. साहेब म्हणाले, “चिमटे, हे तुम्हीच करू जाणे.” हे वाक्य पुढे किती खरं ठरणार आहे याची साहेबांनाही कल्पना नव्हती. शुक्रवारी दुपारी बारापासून कारखाना बंद, असा हुकूम त्याच संध्याकाळी निघाला.

बुधवारी यंत्र सुरू झालं. प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या. एरवी त्या फोन करत.

“चिमटे, तुमच्या कोऱ्या बाटलीत जस्त आहे. सात पूर्णांक चार.”

“लेबलं बदलली असतील.”

“लेबलं तुम्ही लावता. आणि बदलली असती तर एका बाटलीत जस्त असतं, एकीत नसतं. दोन्हीत आहे.”

“मग यंत्रात आधीचं काहीतरी राहिलं असेल.”

“तीनदा धुतलं. इतरांच्या पाच कोऱ्या बाटल्या तपासल्या, पाचही स्वच्छ.” बाईंनी आवाज खाली आणला. “नुकत्याच लागलेल्यांच्यासुद्धा.”

“कोणाला दाखवलंत?”

प्रश्न तोंडातून निघून गेला आणि मग त्याला ऐकू आला. अठरा वर्षं हाच प्रश्न त्याने कारखान्यांच्या मॅनेजरांकडून ऐकला होता, याच आवाजात. आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, चोर सापडला.

“अजून नाही,” बाई म्हणाल्या. “नोंदवही उद्या दुपारी वर जाते. बाटल्यांची जबाबदारी तुमची. फुटली, सांडली, काय असेल ते तुम्ही लिहून द्या. मी फक्त आकडे लिहिते.”

फॉर्मवर तसा रकाना होता खरा : ‘नमुना वाहतुकीत निकामी’. एक खूण केली की काम संपलं. अठरा वर्षांचा पहारेकरी शाबूत राहिला असता, आणि शुक्रवारी बाराला बेचाळीस माणसं डबे घेऊन परत घरी गेली असती. वजाबाकी तर शाळेतलं पोरही करील : आठ पूर्णांक दोनातून सात पूर्णांक चार गेले की कारखान्याच्या वाट्याला उरतं एकाहूनही कमी. बाकीचं सगळं कोणीतरी घरून आणलेलं.

संध्याकाळी तो कचेरीतल्या अकरा रिकाम्या बाटल्या आणि शुद्ध पाण्याचा कॅन घेऊन घरी आला. बेसिनजवळचा साबण, टॉवेल, दाराची कडी, डब्याचं झाकण, घड्याळाचा पट्टा, गाडीची किल्ली, एकेक वस्तू त्याने पाण्याने विसळली आणि ते पाणी बाटल्यांत भरलं. प्रत्येक बाटलीला लेबल, लेबलावर वेळ आणि ठिकाण. ‘साबण, उजवी बाजू, सहा वाजून दहा मिनिटं.’

बायको दारात उभी राहून बघत होती. “अहो, माझाही नमुना घेणार आहात का?”

“लागला तर घेईन.”

“लग्नाला वीस वर्षं झाली. आता प्रयोगशाळेत पाठवून काय उपयोग?”

त्याने जस्ताचं सांगितलं. सोमवारपासूनचं सगळं सांगितलं, मोजा काढल्याचं तेवढं वगळून. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि मलमाची पिवळी ट्यूब घेऊन आली. तीन आठवड्यांपासून रोज सकाळी निघताना ती हीच ट्यूब त्याच्यापुढे धरत होती, आणि तो कुरकुर करत फुटलेल्या बोटांना लावत होता.

“यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. चष्मा लावा.”

त्याने चष्मा लावला. झिंक ऑक्साइड, पंचवीस टक्के. झिंक म्हणजे जस्त, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वीस-बावीस धातूंच्या मर्यादा पाठ असलेल्या माणसाने तीन आठवड्यांत हातातली ट्यूब एकदाही वाचली नव्हती.

“पण मोजे घालता ना तुम्ही?” बायकोने विचारलं.

त्याने ट्यूब उलटी करून मागची बाजू वाचायला घेतली.

“काखेत कळसा,” ती म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. अकरा बाटल्या तिने उचलून गॅलरीतल्या कुंड्यांत ओतल्या. साबणाच्या तेवढ्या मोरीत.

गुरुवारी सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण बसायचं धाडस झालं नाही. साहेबांनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाले, “बाटली वाहतुकीत फुटली, असं काही झालं नाही ना?”

“फुटली असती तर बरं झालं असतं, साहेब. नाही फुटली.”

“तुमच्या सेवापुस्तकात लागेल हे.”

“लागू द्या.” आणि त्याने जोडून दिलं, “अक्षर माझंच असेल तर निदान वाचता येईल.”

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. ‘दूषिताचा संभाव्य स्रोत’ या रकान्यात तो एरवी ‘टाकीतून गळती’, ‘धुलाईचे पाणी’ असं काही लिहायचा. आज त्याने लिहिलं : ‘तंत्रज्ञाचा उजवा अंगठा. मलम लावलेला. हातमोजा नाही.’ मग नियमाप्रमाणे खाली, एरवी कारखान्याचा मॅनेजर करतो ती, स्रोताची सही लागते, म्हणून तिथेही सही केली, आणि त्याच्याखाली तपासणाऱ्याची, म्हणजे पुन्हा स्वतःची.

हुकूम मागे घेतला गेला. नमुना पुन्हा घ्यायचा ठरला.

“दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, साहेब.”

“छे. तुम्हीच जा. आणि कारण त्या फोरमनला तुमच्याच तोंडाने सांगा.”

दुपारी तो पुन्हा त्या पाइपाशी होता. वाटेत त्याने चार वाक्यं जुळवली होती. ‘तांत्रिक बाबींमुळे’ अशी त्यांची सुरुवात होती. फोरमन समोर आल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही. “चूक माझी झाली,” तो म्हणाला. “तुमच्या पाण्यात नव्हतं, माझ्या हाताला होतं.”

फोरमनने शांतपणे विचारलं, “परवा हुकूम कळल्यावर बायकांपोरांना काय सांगायचं म्हणून आमची दोन माणसं रात्रभर जागी होती. त्यांना काय सांगू?”

“हेच सांगा. जसंच्या तसं.”

फोरमन म्हणाला, “दाखवा, अठरा वर्षांचे हात.”

चिमट्याने शाळेत नखं तपासायला दाखवतात तसे दोन्ही हात पुढे केले. फोरमनने ते उलटेपालटे करून बघितले, नळावर नेऊन दोनदा धुवायला लावले, आणि मोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घालायला लावल्या. झाकण घसरलं. पुन्हा घसरलं. शेवटी फोरमनने दोन्ही पंजांत बाटली धरून ठेवली आणि चिमट्याने झाकण फिरवलं. त्याला ओझरतं वाटलं, हे सोमवारीही करता आलं असतं. नुसतं ‘जरा धरता का’ म्हणायचं होतं.

शनिवारी आकडे आले. कारखाना, शून्य पूर्णांक नऊ. कोरी बाटली, काही नाही. या वेळी त्याने दोन्ही आकड्यांची वाट बघितली, आणि मग फोन केला.

“वाचलो म्हणायचं,” फोरमन म्हणाला. मागे खांब आपटल्याचे आवाज येत होते. “हात कसे आहेत?”

“फुटलेत. मलम बंद आहे.”

“आमच्या पोरांनाही होतं असं, आम्लाने. आमच्याकडे एक डबी असते, चांगली आहे. पाठवली तर लाच होईल का?”

“होईल.” फुटलेलं पेर ठणकत होतं. “नावच सांगा, मी विकत घेईन. पण आधी डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.”

“आत्ता?”

“आत्ता. चष्मा असेल तर चष्मा लावून.”

फोरमन खो खो हसला, पण खण उघडल्याचा आवाज आला. मग तो पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत वाचू लागला, आणि चिमटा फोन कानाशी धरून, दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन, एकेक नाव लिहून घेत राहिला.