ठोक्याआधीचा थांबा

“आता! बाबा, आता! अहो वाजवा ना, पाहुणे ताटकळलेत!” मामा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ताटावर पळी आपटत होती. मी एका हातात फुगा आणि दुसऱ्या हातात टाचणी घेऊन आजोबांच्या कानाशी दबा धरून होते. आणि आमच्या या गोंधळाच्या मधोमध आजोबा, दोन्ही हातांत पातेल्यांची झाकणं धरून, डोळे मिटून, देवळातल्या खांबासारखे उभे.

फट्! मी फुगा फोडला.

आजोबांच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही. मनातल्या मनात वाजणारी धून जिथे पोचायला हवी होती तिथे सावकाश पोचली, आणि मगच झाकणं एकमेकांवर आदळली. एक झाकण जन्माचं वाकडं झालं.

“आता हे कुठल्या पातेल्यावर बसणार?” आई म्हणाली. पण हसत होती.

आमच्या घरात आम्ही चौघं: मी, आई, मामा आणि आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा. ते सरकारी बँडपथकात झांज वाजवायचे. परदेशातून कुणी मोठा पाहुणा आला की आपल्या राष्ट्रगीताबरोबर त्याच्या देशाचंही राष्ट्रगीत वाजवायचं, हे त्यांच्या पथकाचं काम. माझ्या मैत्रिणींचे आजोबा बँकेत होते, रेल्वेत होते. माझे झांजेत होते. बाकीचे वादक गाल फुगवफुगवून लालबुंद व्हायचे, तेव्हा आजोबा त्यांच्या मागे नुसते उभे असायचे. मामा म्हणायचा, “बघणाऱ्याला वाटतं, पाहुणे हेच.”

या नुसतं उभं राहण्यानेच सगळा घोळ केला.

आमचं शहर नदीच्या काठावर आहे आणि नदीच्या पलीकडे दुसरा देश आहे. आम्ही त्याला नुसतं ‘पलीकडे’ म्हणतो. पलीकडच्यांच्या राष्ट्रगीतात झांजेचा एकच ठोका आहे. सगळं गाणं संथ लाटेसारखं येतं आणि शेवटच्या ओळीआधी एकदम थांबतं. तो थांबा लढाईतून परत न आलेल्या त्यांच्या माणसांसाठी आहे. तेवढा वेळ कुणी श्वासाचाही आवाज करत नाही. मग एक ठोका. मग शेवटची ओळ.

आजोबा नवीन नवीन नोकरीला लागले होते तेव्हा पलीकडचे राष्ट्राध्यक्ष आले. थांबा सुरू झाला. कुणा फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचा झगझगीत उजेड आजोबांच्या डोळ्यांवर पडला, आणि त्यांचे हात आपोआप मिटले. झण्ण! मेलेल्या माणसांच्या शांततेत. पाहुणे इतके दचकले की त्यांची टोपी डोळ्यांवर आली.

पुढे काही महिन्यांतच धरणाच्या पाण्यावरून दोन्ही सरकारांचं वाजलं आणि नदीवरचा पूल बंद झाला. आता धरणाचं पाणी कुठे आणि आजोबांची झांज कुठे! पण लोकांना पाण्याच्या वाटपापेक्षा झांज समजायला सोपी. तेव्हापासून बाजारात आजोबांचं नाव पडलं ‘महायुद्ध’. “आलं बघा महायुद्ध! एक किलो टोमॅटो देऊन टाक रे, उगाच संबंध बिघडायला नकोत.” आजोबाही हसायचे. पण हसून झाल्यावर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे, आणि तेव्हा कळायचं की लागलंय.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक वाक्य आहे: ‘परराष्ट्र धोरण म्हणजे बदल आणि सातत्य यांचा मेळ.’ ते मी घडाघडा पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पण मला ते खरं समजलं ते बँडहॉलच्या खिडक्यांमुळे.

बँडहॉल आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे. दर गुरुवारी तिथे सगळ्या देशांच्या राष्ट्रगीतांचा सराव चालतो. पूल बंद झाल्यावर परराष्ट्र खात्यातून निरोप आला: पलीकडची धून बंद. तेव्हाचे बँडमास्तर ‘जी साहेब’ म्हणाले आणि त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. धून आत चालूच राहिली. पुढे सरकार बदललं. नवे साहेब म्हणाले, वाजवा, पण हळू. मग एक खिडकी उघडली. मग नदीत कुणाची तरी बोट पकडली, धडाधड सगळ्या खिडक्या बंद. मग पूर आला, दोन्ही काठ बुडाले, पलीकडच्यांनी आपल्याकडे औषधं पाठवली. दोन खिडक्या उघड्या. लोक बातम्या कमी आणि खिडक्या जास्त बघायचे. समोरची शिंपीणबाई तर दोरीवर कपडे टाकताना जाहीर करायची, “आज तीन उघड्यात गं! बरं चाललेलं दिसतंय.”

“पण आजोबा, वाजवायचंच नाही तर सराव कशाला?” मी लहानपणी विचारलं होतं.

“पाहुणा दारात आल्यावर चहाची पावडर शोधायची का?” ते म्हणाले. “खिडक्या सरकारच्या, बाळा. त्या उघडणार, मिटणार. शेजार कुठे हलतोय?”

आणि दर गुरुवारी त्या थांब्यात ते उभे राहायचे. झांजेचा तो एक ठोका पलीकडच्या माणसांसमोर नीट वाजवायचा, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. आणि त्या महिनाअखेर ते निवृत्त होणार होते.

अशात बातमी आली. पूल उघडणार! पुलाच्या मधोमध दोन्हीकडचे मंत्री भेटणार, आणि दोन्ही पथकं एकमेकांचं राष्ट्रगीत वाजवणार. आजोबांच्या निवृत्तीच्या अगदी आधल्या आठवड्यात! म्हणून तर घरात झाकणांचा आणि फुग्यांचा गदारोळ चालला होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना आजोबांचा विसरलेला डबा द्यायला बँडहॉलमध्ये गेले, तर आत परराष्ट्र खात्याचे साहेब बँडमास्तरबाईंशी बोलत होते. आवाज हळू होता, पण माझे कान आमच्या घराण्यातले आहेत.

“हेच ना ते? त्या टोपीच्या प्रकरणातले?” साहेबांनी डोळ्यांनीच आजोबांकडे खूण केली.

“हेच,” बाई म्हणाल्या.

“मग त्या दिवसापुरती झांज दुसऱ्या कुणाकडे द्या. उगाच जोखीम नको. इतक्या वर्षांनी जमून आलंय.”

आजोबा कोपऱ्यात झांज पुसत होते. त्यांचा हात थांबला. माझ्या जिभेवर चार-पाच वाक्यं येऊन उभी राहिली. यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला गप्प बसणं जमत नाही. पण बाई माझ्याआधी बोलल्या.

“साहेब, दुसरा कुणीही चुकू शकतो. काका एकदा चुकून बसलेत. ते तेवढ्यासाठी इतकी वर्षं उभे आहेत. यांच्याइतका भरवशाचा माणूस मला तरी सापडायचा नाही.”

साहेबांनी खांदे उडवले. “तुमच्या जबाबदारीवर.”

“अर्थात,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तू काय बघतेस? डबा दे आणि पळ.”

समारंभाच्या दिवशी आमच्या शाळेला कागदी झेंडे देऊन पुलाच्या कठड्याशी उभं केलं होतं. वारा असा, की अर्धे झेंडे नदीने नेले. समोर थोड्या अंतरावर पलीकडचं पथक, निळ्या गणवेशात. त्यांची झांज एका मुलीच्या हातात होती. मुलगी म्हणजे माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, पण टोपी तिच्यापेक्षा मोठी होती. ती सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती.

आधी त्यांनी आमचं राष्ट्रगीत वाजवायला घेतलं. काय सुरेख वाजवलं! तेवढ्यात मला एक गंमत कळली, आणि मी शेजारच्या मैत्रिणीला इतक्या जोरात चिमटा काढला की ती ओरडली. म्हणजे तेसुद्धा इतकी वर्षं सराव करत होते! त्यांच्याही हॉलला खिडक्या असणार!

आमच्या राष्ट्रगीतात शेवटून दुसरी ओळ अगदी हळुवार आहे, फक्त बासऱ्यांची. तिथे पुलाखालून एका बोटीने भोंगा दिला. आणि त्या मुलीचे हात मिटले.

झण्ण.

चूक. उघडी, नागडी चूक. दोन्ही मंत्री ताठ झाले. मुलीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायला लागल्या, आणि तेवढ्यात आमच्या बाजूने, इतक्या जवळून की मला दातांत जाणवलं,

झण्ण!

आजोबा. आमच्या पथकाने नुसतं उभं राहायचं होतं, वाद्यं खाली धरून. आजोबांनी झांजा वर उचलून तिच्या ठोक्याला उत्तर दिलं होतं. वळत्या माना गर्रकन फिरल्या आणि आजोबांवर येऊन थांबल्या. साहेबांनी डोळे मिटून घेतले. बँडमास्तरबाईंनी मात्र, जणू हे असंच ठरलं होतं, अशी हळूच मान डोलावली. बासऱ्या चालू राहिल्या. राष्ट्रगीत संपलं.

मग आमची पाळी. ती संथ लाट आली. आली, आली, आणि थांबली.

खाली नदीचा आवाज. मागे कुणीतरी शिंकलं. चार कॅमेरे चमकले. एक बाळ रडायला लागलं. मी आजोबांकडे बघत होते आणि माझीच बोटं झेंड्याच्या काडीवर आवळली होती. नको, अजून नको, अजून नको. पलीकडच्या म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढून छातीशी धरल्या होत्या. त्या थांब्यात कोण कोण उभं होतं, ते त्यांनाच दिसत असेल.

मग आजोबांचे हात हलले. एकच ठोका. गोल, भरलेला, जागच्या जागी. त्याच्यामागून शेवटची ओळ आली, आणि समोरची ती मुलगी रडत रडत हसत होती.

घरी पोचलो तर मामा टीव्हीसमोर कपाळाला हात लावून बसला होता. माईक सगळे आमच्या बाजूला होते. मुलीचा ठोका वाऱ्यात विरला होता, टीव्हीवर घणाणला तो फक्त आजोबांचा. बातमी देणारी बाई गोड आवाजात सांगत होती, “एक छोटीशी चूक वगळता...”

“बाबा, पुन्हा?” मामा म्हणाला. “अहो, आम्ही फुगे फोडले, घसे फोडले, झाकण वाकडं केलं, आणि तुम्ही पुन्हा?”

“अरे, तसं नाही झालं! ती मुलगी...” मी सुरू केलं. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हलकाच ठेवला, पण मी थांबले.

“हो रे,” ते मामाला म्हणाले. “सवयच वाईट.”

नंतर गॅलरीत मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता. “तुम्ही बरोबर वाजवलंत ते कुणाच्या लक्षातही नाही आलं! सगळे हसतायत. सांगून का नाही टाकत?”

“बरोबर वाजलं की लक्षात यायचं नसतंच, बाळा. ज्यांच्यासाठी वाजवलं त्यांना पोचलं.” त्यांनी कठड्यावर कोपर टेकून पुलाकडे पाहिलं. पुलावर दिवे लागले होते. “आणि तिची नोकरी आत्ता सुरू झालीय. माझी संपत आलीय. एक नाव पडलेलंच आहे मला, दुसरं कशाला पाडायचं कुणाला?”

मी गप्प राहायचं वचन दिलं आणि पाळलं. आमच्या घरात सगळ्यांना वाटलं, मला ताप आलाय.

पण पूल उघडा राहिला. आधी आठवड्यातून एक दिवस, मग रोज. पलीकडून फळांच्या गाड्या येऊ लागल्या, आपल्याकडून सायकली जाऊ लागल्या. आणि पावसाळा संपता संपता त्या मुलीनेच तिकडच्या वर्तमानपत्रात सगळं सांगून टाकलं. तिला म्हणे गप्प बसणं जमेना. मला ती फार आवडली. मामाने बातमी तीनदा वाचली, मग तडक बाजारात गेला आणि आईला नवं झाकण घेऊन आला. त्या दिवसापासून माझंही तोंड मोकळं झालं, म्हणून तर हे लिहितेय.

बाजारात आजोबांना अजूनही ‘महायुद्ध’च म्हणतात. फक्त आता टोमॅटो निवडून देतात.

आज गुरुवार. आजोबा आता निवृत्त आहेत, म्हणून बँडहॉलच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते, मी शेजारी. सगळ्या खिडक्या उघड्या. पलीकडची धून लाटेसारखी गल्लीत आली. शिंपीणबाई ओले कपडे हातात घेऊन ती गुणगुणत होती. इतकी वर्षं बंद खिडक्यांतून ऐकून तिला पाठच झाली होती. मग धून थांबली. शिंपीणबाई थांबली. भाजीवाल्याने तराजू हातात तसाच धरला. एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. पूर्ण गल्ली थांबली.

आजोबांचे दोन्ही तळवे मांडीवर उघडे पडले होते. आतून ठोका आला, अगदी वेळेवर. त्यांचे तळवे हलले नाहीत.

“बरा वाजवतो नवा माणूस,” ते म्हणाले, आणि तराजू पुन्हा हलायला लागला.