एक फूट कमी

मित्रांनो, मी माप घ्यायची एक जुनी कापडी फीत आहे, पन्नास फुटांची. खरे सांगायचे तर एकोणपन्नास. त्या हरवलेल्या एका फुटामुळे जे घडले, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. म्हणून तुम्हाला सारे सांगायला बसले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मजबूत धाग्यांवर पिवळा मुलामा चढवला, त्यावर काळे आकडे छापले, टोकाला पितळी आकडी लावली आणि एका गोल चामडी घरात मला गुंडाळून ठेवले. सुतार, गवंडी, शिंपी यांच्याकडे माझ्या बहिणी गेल्या. मी मात्र भद्रावतीच्या गुणवंतरावांच्या हाती आले. गुणवंतराव सिनेमाच्या कॅमेऱ्यावर सहायक होते. पडद्यावर नटाचा चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून कॅमेरा आणि नट यांच्यातले अंतर मोजायचे आणि त्याप्रमाणे भिंग फिरवायचे, हे त्यांचे काम. एक-दोन इंच चुकले तरी चेहरा धूसर होतो. म्हणून माझा मान मोठा होता.

त्यांच्या कमरेच्या पिशवीत आमचा संसार होता. जमिनीवर खुणा करायला खडू आणि रंगीत चिकटपट्ट्या, भिंगावरची धूळ उडवायला रबरी फुगा, मऊ ब्रश, छोटी विजेरी, नट आवळायचे चार-सहा पाने. यातले एक जरी घरी राहिले तरी पन्नास माणसे उन्हात खोळंबतात. गुणवंतराव रोज सकाळी प्रत्येकाला पुसून जागेवर ठेवत. नव्या माणसांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "डोळा फसवते, हे नाई फसवत."

हे ऐकून मी किती फुगत असे!

दहा वर्षांपूर्वी एका चित्रीकरणात माझे टोक ट्रॉलीच्या चाकाखाली आले आणि फाटले. गुणवंतरावांनी मला नेमके एक फुटाच्या रेघेवर कापले आणि पितळी आकडी तिथेच घट्ट बसवली. काम इतके सफाईदार झाले की फाटल्याची शंकाही येऊ नये. आता मी तीन फूट दाखवले की खरे अंतर दोन फूट असायचे. गुणवंतराव मनातल्या मनात एक वजा करत. "दुसरी घेऊ," असे त्यांनी दोन-तीनदा म्हटले, पण हिशेब इतका अंगवळणी पडला की तो विषय मागे पडला. दहा वर्षांत त्यांची एकदाही चूक झाली नाही. पण माझ्यावर साधी खूणही केली नाही. त्यांच्याशिवाय ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही गोंडपिपरीच्या पुढे सागाच्या रानात चित्रीकरणाला गेलो. झाडांची पाने गळून गेली होती आणि सकाळी नऊलाच डांबर तापले होते. गुणवंतरावांच्या जोडीला चामोर्शीची रिना होती. सात वर्षे या कामात मुरलेली, हाताने स्थिर, बोलण्यात चोख. पुढच्या सिनेमात मुख्य कॅमेऱ्याचे भिंग एकटीने सांभाळायचे काम तिला मिळाले होते.

त्या दिवशी रस्त्याच्या वळणावरून एक बस जाताना टिपायची होती. कॅमेरा वळणाच्या बाहेरच्या कडेला, अगदी खाली ठेवला होता. बस चालवायला केवळराम होते. पंचविशीपासून जंगलातल्या रस्त्यांवर गाड्या चालवलेला माणूस, केस पिकत आलेले. ते स्वतः खाली उतरले आणि वळण पायांनी चालून पाहिले.

"बाई," ते रिनाला म्हणाले, "वळते वेळी बसचा मागचा भाग बाहेर फेकल्या जाते. दोन, अडीच फूट धरा. तुमी रस्त्यावर रेष मारून द्या, मी चाक रेषेच्या बाहेर नाई जाऊ देत. पण रेषेपासून पुरे तीन फूट दूर बसा."

"पुरे तीन, भाऊ," रिना म्हणाली.

तिची स्वतःची फीत दुसऱ्या कॅमेऱ्याकडे गेली होती. गुणवंतराव कमरेची पिशवी इकडेच सोडून तिकडे भिंग बदलत होते. रिनाने लांबूनच विचारले, "काका, तुमची टेप घेऊ काय?"

"घे ना," ते मान वर न करता म्हणाले.

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी मी हादरले. पुढचे वाक्य येईल म्हणून वाट पाहिली. ते आलेच नाही. रिनाने माझी आकडी कॅमेऱ्याच्या पायाशी अडकवली, मला रस्त्याकडे ओढले आणि माझ्यावरच्या तीनच्या आकड्याशी खडूची रेष मारली. मी तिच्या बोटांत होते. खोटे बोलत होते. ओरडावे असे वाटले, पण फितीला कुठला आवाज?

रिना कॅमेऱ्याला खेटून बसली. उजव्या हाताची बोटे भिंगाच्या कड्यावर. इशारा झाला. बस आली. केवळरामांचे पुढचे चाक रेषेवरून असे गेले की जणू रेषेवर ठेवूनच फिरवले. मग बस वळली आणि तिची मागची बाजू बाहेर झेपावली.

लोखंडाचा एक आवाज झाला. कॅमेरा तिपाईसकट आडवा झाला आणि रिनाचा उजवा हात त्याच्याखाली गेला.

सगळे एकदम धावले. रिना रडत नव्हती. ती आपल्या हाताकडे असे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. दोन बोटांची हाडे मोडली होती. तिला गाडीत घालून चंद्रपूरला नेले.

लोकांनी केवळरामांना घेरले. "तीन फूट जागा होती! मंग लागली कशी?" एक जण ओरडला.

"मी रेषेवरूनच घेतली गाडी," केवळराम म्हणाले.

"रेषेवरून घेतली असती त लागली असती काय?"

उत्तर माझ्याकडे होते, आणि गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या गुणवंतरावांकडे. मी त्यांचा चेहरा पाहिला. सगळे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांचे ओठ हलले, आणि मिटले. त्यांनी मला रस्त्यावरून उचलले, गुंडाळले आणि पिशवीच्या तळाशी घातले.

मोडलेल्या हाडांपेक्षा मला याचा मोठा धक्का बसला. ज्या माणसाने मला रोज पुसले, तो गप्प राहिला! पोलिसांनी केवळरामांचा परवाना ठेवून घेतला. बसच्या मालकाने किल्ली परत मागितली. आणि गुणवंतराव एक दिवस गप्प, दोन दिवस गप्प.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते रिनाला भेटायला दवाखान्यात गेले. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

"काका, मी सारखी विचार करून राह्यली," ती म्हणाली. "केवळरामभाऊचं चाक रेषेवरच होतं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. मंग जागा कमी कशी पडली? टेप दाखवा मले."

गुणवंतरावांनी मला बाहेर काढले. रिनाने डाव्या हाताने आकडी धरली आणि मला गुडघ्यावर पसरले. माझ्यावरचा पहिला इंच शोधला. तो नव्हता. दुसराही नव्हता. तिचा अंगठा थांबला.

"काका, याचा पयला फूट कुठी हाय?"

गुणवंतराव खाटेच्या कडेला बसले. "माह्या डोक्यात होता, बाई. दहा वर्षं झाले. तुले सांगाचा राह्यला."

"त्या दिवशी राह्यला. पण काल काऊन नाई सांगतला? परवा काऊन नाई?" तिने प्लास्टरमधला हात पुढे केला. "माहा हात मोडला ते मोडला. त्या माणसाले कायले मोडून राह्यले तुमी?"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. मग मला मुठीत घट्ट धरून ते उठले.

त्याच दुपारी आम्ही पोलीस ठाण्यात पोहोचलो. केवळराम बाहेर कडुलिंबाखाली बसले होते. गुणवंतरावांनी त्यांना आत बोलावले आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर लोखंडी मोजपट्टीशेजारी मला पसरले. माझा एक फूट कसा कमी आहे, तो कधी कापला, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. काहीही लपवले नाही.

मला वाटले, आता केवळराम संतापतील. त्यांनी मला उचलले आणि आकडीपाशी बोट ठेवले.

"म्हंजे मी रेषेवरच होतो," ते म्हणाले.

"रेषेवरच होते, भाऊ. चूक माही हाय."

"दोन दिवस मलेच वाटून राह्यलं का माहा हात सरकला. घरी बी तसंच सांगतलं मी. म्हटलं, जया, आता माह्यानं गाडी चालत नाई." त्यांचे डोळे भरून आले. "इतक्या वर्षांत मले माह्या हाताचं भेव नाई वाटलं कधी."

गुणवंतरावांनी हात जोडले. केवळरामांनी ते न पाहिल्यासारखे केले. खिशातून फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "माफी मांगून राह्यले त मले नोका मांगू. पयले माह्या बायकोले सांगा. तुमच्या तोंडानं."

गुणवंतरावांनी फोन कानाला लावला. "जयाबाई, मी कॅमेऱ्यावाला गुणवंत बोलतो. तुमच्या मालकाचा हात सरकला नाई. चूक माही हाय." पलीकडून बाईंच्या रडण्याचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता.

केवळरामांना परवाना परत मिळाला. पहिल्या दिवशी बसमध्ये चढताना ते पायरीवर थांबून आपल्या हातांकडे पाहत होते, असे जयाबाईंनी रिनाला सांगितले. रिनाचे एक बोट नीट वळते, दुसरे अजून वळत नाही. तो नवा सिनेमा तिच्या हातून गेला. ती डाव्या हाताने भिंगाचे कडे फिरवण्याचा सराव करते आहे. गुणवंतराव तिच्यासमोर खुणा मांडून देतात. दोघे कामापुरते बोलतात.

मित्रांनो, वस्तू जुनी होते, फाटते, तुटते. त्याचे मला दुःख नाही. पण तुमच्या घरातल्या सायकलचा ब्रेक सैल असेल, शिडीची पायरी खिळखिळी असेल आणि ते फक्त तुम्हालाच ठाऊक असेल, तर 'मी सांभाळून घेतो' म्हणून गप्प बसू नका. दुरुस्त करा, किंवा ठळक खूण करा. आणि वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना मान वर करून सांगा. आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे. तेवढे एक वाक्य बोलायला विसरू नका.