ढवळीचं वेत

नासपतीची बाग त्या वर्षी अशी फुलली होती की वाटेनं जाणारी माणसंही थांबून पाहत. वाफ्यांत वाटाणा काठ्यांवर चढू लागला होता, कोंबड्यांनी पिल्लं काढली होती आणि गोठ्यात ढवळी गाय दिवस भरून उभी होती. सगळं कसं वेळच्या वेळी. पण थोरल्याचं कशात मन लागत नव्हतं. बागेच्या मधोमध घातलेल्या तारेच्या कुंपणापलीकडे त्याचा सख्खा धाकटा भाऊ राहायचा, आणि दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण विचाराल तर एक झाड. वडिलांनी हद्दीवर लावलेली जुनी नासपती. तिची सावली रोपांवर पडते म्हणून थोरल्यानं एका सकाळी कुणाला न विचारता ती आडवी केली. धाकटा धावत आला, तर कुऱ्हाड हातात धरूनच थोरल्यानं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, "पुन्हा या बाजूला पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन." रागाच्या भरात माणूस वाटेल ते बोलतो. पण बोललेलं मागे कसं घ्यायचं, हे थोरल्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

त्या दिवशी उजाडताच ढवळी कळा देऊ लागली. नऊ वाजले, दहा वाजले. वासराचा एकच पाय बाहेर आला आणि पुढे काही सरकेना. थोरल्यानं हात घालून पाहिलं. दुसरा पाय आत मुडपला होता. त्याचा पंजा म्हणजे फावडं, आत वळवायला जागाच नाही. गुरांच्या डॉक्टरला फोन केला, तर तो लांब कुठेतरी अडकलेला. "दुपार होईल," म्हणाला. "तोवर कुणी जाणतं असेल तर पाय सरळ करून घ्या."

जाणता माणूस हाकेच्या अंतरावर होता. धाकट्याचे हात बारीक, बोटं लांब. लहानपणी आई म्हणायची, "याचा हात बरणीच्या तळाला पोचतो, म्हणून तर घरात मध टिकत नाही." आजूबाजूच्या चार घरांतली अडलेली जनावरं त्यानंच सोडवली होती.

"भावजींना हाक मारा," बायको म्हणाली.

"डॉक्टर येतोय."

"तोवर ती टिकायला नको? तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर मी जाते."

"तू जायचं नाहीस. आज बोलावलं तर जन्मभर ऐकवेल."

"मग ऐकून घ्या की. कान काय झिजतात?"

ढवळीनं थकून मान जमिनीला टेकवली तेव्हा थोरला उठून गोठ्याच्या दारापर्यंत गेला. तोंड उघडलंही. पण दोन वर्षं न घेतलेलं नाव जिभेवर येईना. 'आणखी थोडा वेळ पाहू' असं स्वतःशी म्हणत तो परत फिरला. असं तीनदा झालं.

डॉक्टर एक वाजता आला. तांबूस कालवड जिवंत निघाली. ढवळी मात्र उठली नाही. आतून रक्त जात राहिलं आणि अर्ध्या तासात तिनं डोळे फिरवले.

"दोन तास आधी पाय सरळ झाला असता तर..." एवढंच बोलून डॉक्टर हात धुऊ लागला.

आता कालवडीला दूध कुठून आणायचं, या विचारात थोरला गोठ्याच्या मागे आला आणि थबकला. कुंपणाला लागून धाकटा उभा होता. बाह्या दंडापर्यंत सारलेल्या, हातांना तेल चोपडलेलं, खांद्यावर मऊ दोर.

"गेली?" त्यानं विचारलं.

"गेली. तू कधीपासून उभा आहेस इथे?"

"ती पहिल्यांदा हंबरली तेव्हापासून. म्हटलं, आता हाक येईल, मग हाक येईल."

"अरे, मग यायचं नाहीस का!"

"कसा येणार, दादा? तूच बजावलं होतंस ना." धाकट्यानं खांद्यावरचा दोर काढून तारेवर टाकला. "पण यायला हवं होतं मी. मार खाल्ला असता तर खाल्ला असता. मीही हट्टालाच पेटलो होतो."

मग त्यानं तारेवरून हात पुढे केले. "वासरू आण इकडे. माझी गाय परवाच व्यालीय. दोन्ही वासरांना पुरेल दूध."

कालवड तारेवरून पलीकडे गेली.

त्यानंतर थोरला रोज सकाळी तिला बघायला जाऊ लागला. फुलं गळली, फांद्यांवर बारीक फळं धरली. बोलणं पाण्यापावसापुरतंच चाललं होतं. एके दिवशी मात्र त्याच्या तोंडून निघालंच, "चुकलं रे माझं. झाडाचंही, आणि त्या दिवशीचंही."

धाकट्यानं हातातली धार पुरी केली.

"हे म्हणायला तुला एक गाय लागली, दादा," तो म्हणाला.

पण पुढे ताणलं नाही. बादली उचलून त्यानं बायकोला दोन कप चहा टाकायला सांगितलं.

दुसरी गाय घ्यायची गोष्ट थोरल्याच्या बायकोनं त्या वर्षी दोन-तीनदा काढली. दर वेळी तो "बघू" म्हणायचा आणि उठून वाफ्यांकडे निघून जायचा.