चटचटणारा झंपर

मी एक झंपर बोलतोय. नायलॉनचा. ऐकूनच कपाळाला आठी पडली ना? मला सवय आहे.

केसाहूनही कितीतरी बारीक तंतूंचं माझं कापड दूरच्या गिरणीत विणलं गेलं. कळमनुरीच्या बाजारात मिनानं ते गालाला लावून पाहिलं आणि घरी, शिरडला आणून सासूच्या मापानं मला सैलसर शिवलं. सासूच्या, म्हणजे धुरपताबाईच्या, बरगडीवर नागीण उठली होती. फोड बरे झाले, आग मात्र राहिली. सुती झंपराची शिवणसुद्धा टोचायची.

"कापूस पिकवणाऱ्या घरात हे प्लास्टिक काहून आणलं?" धुरपताबाईनं मला चिमटीत धरून हुंगलं. तरी घातलं. काहीच टोचलं नाही, तेव्हा अंगावर राहू दिलं. नजर काही निवळली नाही.

थंडी पडली. एका संध्याकाळी लाईट गेलेली. तिनं माझ्यावरचं स्वेटर डोक्यावरून ओढलं आणि चट् चट् निळ्या ठिणग्या उडाल्या.

"भानामती! मिने, काय करून राहिली तू मला?"

शेजारची पद्माबाई धावत आली. "सुनेनं शिवला व्हय? मग बराबर हाय."

त्या दिवसापासून धुरपताबाई मिनाच्या हातचं पाणीही घेईना. मला खुंटीवर टांगून स्वतः सुती झंपरात कण्हत राहिली. मिना भाकरी थापता थापता पदरानं डोळे पुसायची, ते मी वरून बघायचो.

शेवटी मिना उठली. सासूला आणि पद्माबाईला अंधाऱ्या खोलीत नेलं, मला अंगात घातलं, वर तेच स्वेटर चढवलं आणि खसकन ओढलं. चट् चट्!

"आत्याबाई, मी माझ्यावरच करणी करीन व्हय? कोरड्या थंडीत हे कापड घासलं की असंच व्हतं."

मिनानं मला उतरवलं, तसं धुरपताबाईनं मला हातात घेतलं. स्वेटरवर घासून स्वतः ओढून पाहिलं. ठिणगी. पुन्हा ठिणगी. पद्माबाई केव्हाच सटकली होती.

"लेकरा, काय काय बोलले गं मी तुला," म्हणत ती खाली बसली. "दे, पाणी दे."

आता ती मला रोज घालते. पण चुलीपाशी बसायच्या आधी काढून ठेवते. एकदा निखारा उडून माझी बाही वितळली, कडक गाठ झाली. "ह्याचा भरोसा न्हाई, अंगाला चिकटंल," म्हणते. खरंच आहे ते.

संशय घ्यायचाच, तर माझ्यावर घ्या. मला धुतलं की डाग जातो, घटकाभरात मी वाळतोही. माणसाला लागलेला संशयाचा डाग असा धुऊन जात नाही.