न काढलेला केसपेपर

दुपारी दोनला कॅज्युअल्टीतल्या सगळ्यांना वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. विषय होता मेथ आणि तसली अंगात जोर आणणारी नशा करणारे पेशंट कसे सांभाळायचे. हजेरीच्या कागदावर मोठ्या सिस्टरांनी सगळ्यात शेवटी सही केली. टाळता आलं असतं तर त्यांनी टाळलंच असतं.

"त्यात शिकायचं काय?" मलमपट्टी करणारा ड्रेसर खुर्चीत रेलून म्हणाला. "कानाखाली दोन दिल्या की येतो माणूस ताळ्यावर."

हॉलभर खसखस पिकली. वर्षापूर्वी हाच विनोद मोठ्या सिस्टरांनी केला असता, आणि ड्रेसरपेक्षा झकास केला असता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. हल्ली मात्र त्या कामापुरतं बोलत. बहीण गेल्याचं दुःख आहे, असं समजून कोणी काही विचारत नसे.

शिकवायला आलेली डॉक्टर त्यांच्या निम्म्या वयाची होती. पडद्यावरचं चित्र नीट दिसेना, तेव्हा तिने मशीन बंदच केलं आणि टेबलाला टेकून सरळ बोलायला लागली. अंग तापलेलं असेल तर आधी गार करा. आवाज कमी, उजेड कमी, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. दांडगाई करून पालथं दाबून धरू नका, जीव जातो. कधी घेतलं, शेवटचं कधी जेवलात, कधी झोपलात, हे विचारा. पण पोलिसासारखं नको, घरच्या माणसासारखं.

"आणि छातीत दुखतंय म्हणाला, तर ते खरं धरा," ती म्हणाली. "वय पंचवीस असो नाहीतर तीस. मेथने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात. नाटक करतोय, घाबरलाय असं ठरवायच्या आधी ईसीजी. आधी ईसीजी, मग बाकीचं."

मोठ्या सिस्टर वहीत लिहीत होत्या. 'आधी' हा शब्द लिहिला आणि पेन तिथेच थांबलं.

आठ महिन्यांपूर्वी, अशाच एका भर दुपारी, त्यांची धाकटी बहीण कॅज्युअल्टीच्या दारात येऊन उभी राहिली होती. एका पॅकिंगच्या कारखान्यात ती कामाला होती. लागोपाठ दोन-दोन पाळ्या करताना डोळे मिटू नयेत म्हणून कोणीतरी तिला ती पूड दिली. पुढे पाळी नसतानाही ती लागायला लागली. दोनदा सुटली, दोनदा परत अडकली. शेवटी मोठीने तिला घराचं दार बंद केलं होतं.

"ताई, छातीत दुखतंय गं. हात जड झालाय."

डोळ्यांच्या बाहुल्या ह्याऽ एवढ्या मोठ्या. कपाळावर घामाच्या धारा. बाजूने मेट्रन येत होत्या. मोठीने धाकटीचं कोपर धरलं आणि तिला भिंतीच्या आडोशाला ओढलं.

"इथे तमाशा नको. चार लोकांत माझी अब्रू घालवू नकोस. घरी जा, पाणी पी आणि झोप."

"ताई, एकदा बघ तरी."

"जा म्हटलं ना!"

धाकटी गेली. केसपेपर निघाला नाही, रजिस्टरमध्ये नाव चढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकिणीने खोलीचं दार उघडलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं, हृदयविकार. ती दवाखान्यात आली होती हे मोठीने कोणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही.

"चला, करूनच बघू," डॉक्टर म्हणत होती. तिने एका शिकाऊ नर्सला पेशंट केलं आणि नर्सच्या खुर्चीकडे हात केला. "मोठ्या सिस्टर, या ना तुम्ही."

शिकाऊ पोरगी हसू दाबत पुढे आली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "सिस्टर, छातीत दुखतंय हो."

मोठ्या सिस्टर तिच्या छातीवरच्या हाताकडे बघत राहिल्या. "विसरल्या, विसरल्या!" मागून कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा झाला. पोरीला वाटलं आवाज पोचला नाही. तिने तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं.

"बस," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "इथे बस, बाळा. कुठे जाऊ नकोस. मी केसपेपर काढते." आणि मग त्यांना स्वतःलाच आवरेना. "माझी बहीण आली होती. अशीच आली होती. मी तिला हाकलून दिलं."

ड्रेसरने मान खाली घातली. डॉक्टरने बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

"ईसीजी काढला असता तर वाचली असती का?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं. "खरं सांगा. माझी समजूत काढू नका."

डॉक्टर म्हणाली, "वाचली असती, नसतीही वाचली. ते आता कोणीच सांगू शकत नाही, सिस्टर. पण ती एकटी नसती."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. आई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. मोठीने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आईची सुई थांबली नाही.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "निघताना तिने फोन केला होता. म्हणाली, आई, छातीत दुखतंय, ताईकडे चाललेय. ताई आहे ना, ती बघेल."

"मग आठ महिने बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

तीन दिवस आई तिच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि आत निघून जायची. मोठीने मेट्रनकडे सगळं लेखी दिलं, चौकशी लागली, आणि होईल ती शिक्षा सोसायची तिने मनाची तयारी केली. ते त्या मानाने सोपं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती कामावर निघाली, तेव्हा आई दारापर्यंत आली.

"एक विचारू? त्या दिवशी तिच्या अंगात काय होतं? मी दिलेला निळा ड्रेस होता का?"

मोठीने आठवून पाहिलं. मेट्रनच्या हातातली फाईल आठवली. त्या वेळी जिन्यावर कोण उभं होतं, कोणाची नजर आपल्याकडे वळली होती, ते सगळं आठवलं. ड्रेस काही केल्या आठवेना. तिने बहिणीकडे पाहिलंच नव्हतं.

"होता," ती आईला म्हणाली. "निळाच होता."